मेंदू मुदत देतो

मराठवाड्यातल्या बेंबळी गावाच्या भागात कुणाचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर ‘अंगावरून वारं गेलं’ असं म्हणतात. सगळ्या मराठवाड्यात हेच बोललं जातं, आणि बोलण्याच्या सुरातच कळतं की माणसाने आशा सोडली आहे. वारं आलं, गेलं, आता काय करणार? ही समजूत चुकीची असल्याचं विज्ञानाने गेल्या पन्नास वर्षांत दाखवून दिलं आहे. पक्षाघातात मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर त्याच्या पेशी कोणत्या क्रमाने थांबतात, कधी मरतात आणि कुठवर वाचू शकतात, हे या काळात टप्प्याटप्प्याने कळत गेलं. त्याचा मागोवा बेंबळीसारख्या गावातून घ्यायला हवा, कारण या ज्ञानाची खरी कसोटी मोठ्या दवाखान्यापासून लांब असलेल्या गावातच लागते.

महाराष्ट्राला ठाऊक असलेलं पक्षाघाताचं सर्वांत मोठं उदाहरण १८८८ सालचं आहे. त्या वर्षीच्या जुलैत महात्मा जोतीराव फुले यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. पण मेंदूत नेमकं काय घडलं हे पाहण्याचं साधन तेव्हा जगात कुठेच नव्हतं. उजवी बाजू गेली याचा अर्थ इजा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात झाली होती. डाव्या हाताला हुकूम देणारा उजवा भाग शाबूत होता, मात्र त्याला लिहिण्याची सवय नव्हती. जोतीरावांनी ती सवय साठी उलटल्यावर नव्याने लावून घेतली. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि १८९१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशी नवं काम शिकतात, हे त्या हस्तलिखिताच्या पानापानावर दिसतं.

पेशी मरतात कशा, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर विश्रांतीत असताना जो ऑक्सिजन लागतो त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. १९४०च्या दशकात सेमूर केटी आणि कार्ल श्मिट या अमेरिकी संशोधकांनी जिवंत माणसाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत बसवली. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागतं, हे त्यातून निघालं. मेंदूजवळ शिल्लक साठा जवळजवळ नसतो. सगळा पुरवठा एकदम थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते.

यावरून रक्त थांबलं की काही मिनिटांत सगळा खेळ संपतो, असा समज रुजला. तो १९७७ मध्ये मोडला. आस्ट्रप, सायमन, ब्रॅन्स्टन आणि लासेन यांनी बबून माकडांच्या मेंदूतला रक्तप्रवाह हळूहळू कमी करत नेला आणि प्रत्येक पायरीवर पेशींचं काय होतं ते मोजलं. प्रवाह २० मिलिलिटरच्या खाली उतरल्यावर पेशींचे विद्युत संदेश मंदावले आणि पुढे बंद पडले. वरून पाहणाऱ्याला ती जागा मेलेलीच वाटली असती. पण पेशीच्या आतलं पोटॅशियम अजून आतच होतं, म्हणजे पेशीचे पंप चालू होते. प्रवाह १०च्याही खाली गेला तेव्हा पोटॅशियम बाहेर सांडलं. मेंदू गप्प होण्याची पातळी वेगळी आणि मरण्याची वेगळी निघाली.

या दोहोंच्या मधल्या पट्ट्याला त्यांनी ‘पेनम्ब्रा’ म्हटलं, म्हणजे ग्रहणातली उपच्छाया. दुष्काळात शेतकरी ऊस वाळू देतो, पण जनावरांपुरतं पाणी राखून ठेवतो, तसंच इथल्या पेशी करतात. संदेश पाठवण्याचं खर्चिक काम त्या सोडून देतात आणि उरलेली शक्ती जगण्यासाठी वापरतात. रोग्याचा हात हलत नाही, शब्द फुटत नाही, तरी त्या हातामागच्या आणि शब्दामागच्या कितीतरी पेशी अजून जिवंत असतात. आज पक्षाघातात रक्तप्रवाह पुन्हा सुरू करण्याचे जे उपचार चालतात, त्यांचा पाया हाच शोध आहे.

मग या पेशींना शेवटी मारतं कोण? अमेरिकेत जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये दाखवलं होतं की पेशी एकमेकींना निरोप द्यायला जे ग्लुटामेट वापरतात, तेच अतिरेकात त्यांना मारतं. १९८३ मध्ये स्टीव्हन रॉथमन यांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूपेशींचा ऑक्सिजन तोडला. पेशी मेल्या. पेशींमधली देवाणघेवाण आधी बंद करून हाच प्रयोग केला, तेव्हा त्या टिकल्या. ऑक्सिजन नसण्याइतकंच शेजारच्या पेशींनी ओतलेलं ग्लुटामेट घातक होतं. आज त्याची साखळी माहीत आहे. ऊर्जा संपते, पंप बंद पडतात, ग्लुटामेट बाहेर ओतलं जातं, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशीची स्वतःचीच विकरं तिला आतून तोडू लागतात. शिवाय मेलेल्या भागाच्या कडेने विद्युत अस्थिरतेच्या लाटा उठतात आणि प्रत्येक लाटेबरोबर उपच्छायेचा थोडा भाग मृत होतो. अशी लाट ब्राझीलचे अरिस्तिदेस लेआव यांनी सशाच्या मेंदूवर १९४४ मध्येच टिपली होती. तिचा पक्षाघाताशी असलेला संबंध पुढच्या काळात पक्का झाला.

काही पेशींचं मरण तर उशिरा येतं. जपानचे ताकाआकी किरिनो यांनी १९८२ मध्ये जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या मेंदूचं रक्त पाच मिनिटं थांबवून पुन्हा सुरू केलं. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक दिसत होत्या. चौथ्या दिवशी त्यांतल्या बहुतेक मेलेल्या आढळल्या. उलट, १९९० मध्ये जपानमध्येच दिसलं की आधी थोडा वेळ रक्त तोडून मेंदूला सौम्य झळ दिली, तर काही दिवसांनी येणारा मोठा आघात तो जास्त सोसतो. ऑक्सिजन कमी पडल्याचं पेशींना कळतं आणि त्या आपल्या जनुकांचं काम त्याप्रमाणे बदलतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९चं नोबेल मिळालं.

एवढं कळल्यावर ग्लुटामेट अडवणारं, कॅल्शियम थोपवणारं औषध निघेल आणि पेशी वाचतील, अशी आशा निर्माण झाली. ती खोटी ठरली. २००६ मध्ये एका आढाव्यात प्रयोगशाळेत तपासलेले १,०२६ उपाय मोजले गेले. त्यांतले ११४ माणसांपर्यंत पोचले होते, पण पेशींना थेट कवच देणारा एकही उपाय टिकला नाही. रक्त पुन्हा सुरू करणं, हाच मार्ग उरला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांच्या चाचणीत रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ३ तासांत दिल्यावर तीन महिन्यांनी अपंगत्व नसलेले किंवा अगदी कमी असलेले रुग्ण ठळकपणे वाढले. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ मध्ये एकामागून एक पाच चाचण्यांनी सिद्ध केलं की मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळीने ओढून काढल्याने रुग्णाला फायदा होतो. २०१८ पासून, तपासणीत उपच्छाया शिल्लक दिसली, तर निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंतही करतात. गुठळी विरघळवणाऱ्या नव्या पिढीच्या औषधाचं, टेनेक्टेप्लेजचं, उत्पादन आता पुण्यातली जेनोव्हा कंपनी करते.

तरीही मिनिटांची किंमत कमी झालेली नाही. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला, की मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात. अर्धा तास वाया गेला की ५ कोटी ७० लाख. हा सरासरीचा आकडा आहे. कुणाच्या मेंदूला आजूबाजूच्या वाहिन्यांतून जास्त रक्त मिळतं, कुणाला कमी. पण आपल्या माणसाचा मेंदू कोणत्या प्रकारचा, हे घरी बसून कळत नाही.

महाराष्ट्राचं चित्र याच काळात कागदावर आलं. डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी मुंबईत २००५-०६ या दोन वर्षांत घरोघरच्या पक्षाघाताची नोंद ठेवली. दर लाख प्रौढ माणसांमागे वर्षाला १४५ जणांना पहिला झटका येत होता आणि २८ दिवसांत सुमारे ३० टक्के दगावत होते. सुमारे १८ टक्के रुग्णांत गुठळी नव्हती, तर मेंदूत रक्तस्राव झाला होता. म्हणूनच सीटी स्कॅन केल्याशिवाय गुठळीचं औषध देता येत नाही आणि घरच्या घरी अॅस्पिरिनची गोळीही देऊ नये.

दुसरा अभ्यास ग्रामीण गडचिरोलीचा. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातले १,५९९ मृत्यू तपासले. त्यांतले २२९ पक्षाघाताचे होते. दर सात मृत्यूंत एक. मृत्यूचं ते सर्वांत मोठं कारण ठरलं. अंगावर काटा आणणारा आकडा पुढे आहे. यातले ८७ टक्के लोक घरीच गेले. जगात नळीने गुठळ्या काढण्याच्या चाचण्या सुरू होत्या, तेव्हा आपल्या खेड्यातला माणूस माजघरात खाटेवर मरत होता.

बेंबळीकरांचा रस्ता या काळात नक्कीच जवळ आला. एके काळी गंभीर रुग्णाला सोलापूर गाठावं लागायचं, तिथलं वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं. लातूरला शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये झालं, धाराशिवला २०२२-२३ पासून. २०१४ मध्ये राज्यभर ९३७ रुग्णवाहिका घेऊन १०८ सेवा सुरू झाली. तरी वेळ जातो, आणि तो बहुतेक वेळा रस्त्यावर जात नाही, घरात जातो. ‘झोपू द्या, उठल्यावर बघू’, ‘लकव्याचं औषध देणारा अमुक गावाला आहे’, ‘आधी मालीश करू’, ‘कबुतराचं रक्त लावा’, यात सकाळची दुपार होते. शेताला रात्रीची लाईट असते म्हणून पाण्याची मोटार चालू करायला गेलेला माणूस शेतातच पडून राहतो आणि झटका कधी आला हे सांगायला कुणी नसतं.

म्हणून बेंबळीच्या आणि बेंबळीसारख्या प्रत्येक गावातल्या वाचकाला ही विनंती आहे. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एकही अचानक दिसलं, तर घड्याळ पाहा. रुग्णाला शेवटचं ठणठणीत कुणी आणि किती वाजता पाहिलं ते लिहून ठेवा, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. पाणी, चहा, गोळी, काढा, काहीही तोंडात घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या. लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी न्या, तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. आणि ज्यांना अजून काहीच झालेलं नाही, त्यांनी बीपी मोजून घ्यावं, ‘बरं वाटतंय’ म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करू नये, आणि तंबाखू-मिश्री सोडावी. मेंदू आपल्याला मुदत देतो हे विज्ञानाने सिद्ध केलं आहे. ती घरात बसून घालवू नका.