पायाला तेल, मनाला विसावा : नवशिक्यांसाठी ध्यान आणि मालिश



दिवसभर वर्गात उभं राहून पोटऱ्या भरून येतात. ध्यानाला बसलं की मन पळतं आणि पायाला तेल चोळताना समोर मोबाईल चालू असतो. म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्र करून बघा. त्यासाठी एवढंच करायचं : हात जिथे फिरतो आहे, तिथेच लक्ष ठेवायचं. ज्यांचं मन नुसत्या श्वासावर टिकत नाही, त्यांना स्पर्शाचा आधार सोपा पडतो.

सुरुवात पायांपासूनच का?

वाग्भटांच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात दिनचर्या सांगताना रोज अभ्यंग करावा, डोके, कान व पाय यांना विशेष करून तेल लावावे, असे म्हटले आहे. शिवाय पायांपर्यंत आपला हात सहज पोचतो, कोणाची मदत लागत नाही.

कृती (१५ मिनिटे)

१. झोपण्यापूर्वी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. जेवल्या जेवल्या मात्र नको. भिंतीला टेकून बसा.
२. डोळे मिटून ३ मिनिटे येणारा-जाणारा श्वास बघा. श्वास मुद्दाम लांबवू नका.
३. चमचाभर कोमट तिळाचं किंवा खोबरेल तेल घ्या. अंगठ्याने टाचेकडून बोटांकडे जा. श्वास सोडताना हलका दाब, घेताना हात सैल. प्रत्येक पायाला ५ मिनिटे.
४. मन भरकटलं तर स्वतःवर चिडू नका. मनात 'टाच', 'बोटं' असं म्हणत परत या.
५. शेवटी २ मिनिटे हात मांडीवर ठेवून पायांतली ऊब जाणवू द्या. उठण्याआधी तळवे नीट पुसा, नाहीतर फरशीवर घसराल.

काशाच्या वाटीचं काय?

तूप लावून काशाची वाटी घासली तरी चालेल. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. तळवा काळा झाला की 'उष्णता निघाली' असं म्हणतात. खरं तर तो रंग धातू आणि तूप यांच्या घर्षणातून येतो. म्हणून काळं होईपर्यंत जोरात घासू नका.

केव्हा करू नये?

ताप, जखम, मधुमेहामुळे बधिर झालेले पाय असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पायाला अचानक सूज येऊन दुखत असेल तर अजिबात चोळू नका, लगेच दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते. हा उपाय थकवा हलका करतो, आजार बरा करत नाही.

मुलांसोबत करताना

पालकहो, आधी विचारा, "पायाला तेल लावू का?" नको म्हटलं तर थांबा. शाळेत आम्ही चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवतो. घरी आईवडीलच परवानगी मागतात हे मूल बघतं, तेव्हा 'नको' म्हणायचा आपला हक्क त्याला खरा वाटतो. वर्गात शिक्षकांनी मुलांना मालिश करू नये. मुलांनी तेलाशिवाय स्वतःचेच तळहात चोळावेत, डोळे मिटावेत आणि ऊब कुठे जाणवते ते सांगावं. २ मिनिटं पुरतात.

आठवडाभर एवढंच करून बघा. एखाद्या रात्री १५ मिनिटे नाही जमली, तर एका पायाची ५ मिनिटेसुद्धा चालतील.