‘एकूण’ दिसलं की बेरीज?

घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची एक तक्रार नेहमीची: “आकडेमोड झकास येते, पण शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडते.” त्यावर सुचवले जाणारे बरेचसे उपाय गैरसमजातून आलेले असतात. त्यातला पहिला सर्वांत जास्त नुकसान करतो.

गैरसमज : खुणेचे शब्द पाठ करून घ्या. ‘एकूण’, ‘जास्त’ म्हणजे बेरीज. ‘उरले’ म्हणजे वजाबाकी.

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातलं एक अडत दुकान घ्या. आज तिथे गुळाचे 42 रवे आले, कालच्यापेक्षा 15 जास्त. काल किती आले होते? ‘जास्त’ वाचून मूल 57 लिहितं. उत्तर आहे 27. आता दुसरं. 25 रवे विकल्यावर 18 उरले, तर सुरुवातीला किती होते? इथे ‘उरले’ असूनही बेरीजच करायची आहे. खुणेचे शब्द शिकलेलं मूल उदाहरण वाचतच नाही, त्यातले आकडे तेवढे उचलतं.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या अभ्यासकांनी 1980च्या सुमारास मुलांना विचारलं : जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97पैकी 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी आकडेमोड करून वय सांगितलं. अमेरिकेत 1983 साली जाहीर झालेल्या चाचणीत 13 वर्षांच्या मुलांना प्रश्न होता : एका बसमध्ये 36 सैनिक बसतात, तर 1128 सैनिकांना बस किती लागतील? सुमारे 70 टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला, पण 32 हे उत्तर फक्त 23 टक्क्यांनी दिलं. 29 टक्के मुलांनी ‘31, बाकी 12’ असं लिहिलं. म्हणजे भागाकार येत होता. उरलेले 12 सैनिक रस्त्यावरच राहिले, हे मात्र लक्षात आलं नाही.

म्हणून आधी आकडे बोटाने झाका आणि मुलाला विचारा, “काय घडलंय, सांग बघू.” मूल इंग्रजी पुस्तकातून शिकत असलं तरी हे घरच्या बोलीत सांगू द्या. मग गुळाच्या उदाहरणासाठी दोन आडव्या पट्ट्या काढायला लावा, एक आजची, एक कालची. कोणती लांब? सिंगापूरच्या शाळांत 1980च्या दशकापासून अशा पट्ट्या वापरतात. उत्तर आलं की ते पुन्हा उदाहरणात घालून पडताळा घ्यायचा. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने 1945 साली सांगितलेल्या चार पायऱ्यांत पहिली ‘प्रश्न समजून घेणे’ हीच आहे. आपण घाईत नेमकी तीच ओलांडतो.

गैरसमज : आकडेमोड पक्की झाल्यावरच शाब्दिक उदाहरणं.

भागाकार न शिकलेलं मूलही 12 चिंचोके तिघांत सारखे वाटतं. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’त तर भुंगे, मोर, साप यांच्या गोष्टींतूनही गणित मांडलंय.

गैरसमज : बाजारात नेलं, हिशेब करायला लावला, की पुस्तकातलं आपोआप जमतं.

हा गैरसमज गोड आहे, त्यामुळे सुटायला अवघड. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास 2025मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. ही मुलं गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडखळत होती. फक्त शाळेत शिकलेल्या मुलांचं उलट होतं. दोन्ही काठांमधला पूल मोठ्यांनाच बांधावा लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यात त्यासाठी साधन घरातच सापडतं : दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल. सकाळी 6 लिटर, संध्याकाळी 5 लिटर, तर दहा दिवसांत किती? हे आधी तोंडी सोडवा, मग त्याचं उदाहरण मुलालाच लिहायला सांगा आणि ते तुम्ही सोडवा. प्रश्न रचणाऱ्या मुलाला कोणती माहिती द्यायची आणि काय विचारायचं, हे ठरवावंच लागतं.

गैरसमज : हे शाळेतल्या शिक्षकांनाच जमतं.

शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी 1985 साली कोल्हापुरात ‘सृजनआनंद विद्यालय’ सुरू केलं, ते अनुभवातून शिकण्यावर भर देत. मुलाला बोलू देणारी ती रीत घरातही चालते.

रोज दहा उदाहरणं सोडवून घेऊ नका, एक पुरे. पण मुलाने ते स्वतःच्या शब्दांत सांगेपर्यंत त्याच्या हाती पेन्सिल देऊ नका.