दुभंगलेले घन आणि सोलापूरचे ऊन

सोलापुरात होटगी रस्त्याच्या अंगाने जे नवे बंगले उठत आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या दर्शनी भागी एक खोका पुढे आलेला, दुसरा मागे सरलेला आणि तिसरा त्या दोहोंत अर्धामुर्धा रुतलेला, अशी मांडणी करण्याची टूम सध्या निघाली आहे. नकाशास मंजुरी देणारे दफ्तर चटईक्षेत्र आणि मोकळी सोडावयाची जागा तपासते. या दुभंगलेल्या घनांवर ऊन कसे पडेल, हा सवाल घरमालक सहसा करीत नाही, आणि गवंड्याने तो करावा अशी अपेक्षाही नसते. वस्तुतः घन फोडणे हा आधी उष्णतेचा व्यवहार आहे, शोभेचा नंतर.

१० मीटर बाजूचा एक घन घेतला, तर त्याची सहाही अंगे मिळून पृष्ठफळ ६०० चौरस मीटर भरते. त्याचेच ५ मीटर बाजूचे आठ घन करून ते विलग मांडले, तर आतील जागा तसूभरही न वाढता पृष्ठफळ मात्र दुप्पट, म्हणजे १,२०० चौरस मीटर होते. गुळाची ढेप फोडली म्हणजे ती लवकर विरघळते, त्याचे कारण हेच. इमारत दिवसा ऊन घेते ती पृष्ठभागाने आणि रात्री ऊब सोडते तीही पृष्ठभागानेच. म्हणून जो स्थापत्यविशारद घन फोडतो, त्याने वाढलेल्या अंगांच्या सावलीचा बंदोबस्त आधी करावयास हवा.

हा बंदोबस्त किती चातुर्याने करता येतो, हे मुंबईत कंबाला हिलवर उभ्या असलेल्या ‘कांचनजंगा’ या इमारतीत दिसते. चार्ल्स कोरेआ यांनी प्रवीणा मेहता यांच्या सहकार्याने आखलेली ही इमारत १९७० साली हाती घेतली गेली आणि १९८३ साली पुरी झाली. पाया २१ मीटर चौरस आणि उंची ८४ मीटर, म्हणजे रुंदीच्या नेमकी चौपट. आत ३२ सदनिका, आणि त्याही एकावर एक रचलेल्या नव्हेत, तर पातळ्या वरखाली करून एकमेकींत गुंतविलेल्या. मुंबईत वारा आणि समुद्राचे दर्शन दोन्ही पश्चिमेकडून लाभतात, परंतु दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा हेही तिकडूनच येतात. जुन्या बंगल्यांभोवती फिरणाऱ्या व्हरांड्याने हा पेच सोडविला होता. कोरेआंनी तोच व्हरांडा दुमजली उंचीची बाग करून मनोऱ्याच्या कोपऱ्यांत कोरला. येथे भूमितीची एक मौज आहे. मनोऱ्याच्या कडेतून एखादा घन कोरून काढला, तर उभ्या भिंती जितक्या जातात तितक्याच नव्याने मिळतात. वाढते ती केवळ जमीन आणि डोक्यावरचे छत. मात्र या नव्या भिंती आत सरलेल्या असल्याने छताच्या सावलीत राहतात. फोडण्यापेक्षा कोरणे फायद्याचे, ते यामुळे.

तथापि मुंबईची तजवीज सोलापुरास जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथील दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून वारा खेळता ठेवणे हीच मुख्य चिंता; आमच्या मुलखात हवा कोरडी, मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि भर दुपारच्या वाऱ्याला झळा म्हणतात, तो आत घेण्यापेक्षा बाहेर ठेवलेला बरा. शिवाय मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीला सावली उरत नाही; सारा भार छतावर येतो आणि पुढे तिसऱ्या प्रहरी पश्चिमेच्या भिंतीवर. जुन्या धाब्याच्या घरांना हे ठाऊक होते. खणाखणांनी मोजलेले घर, तुळयांवर किलचन, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, उजेडापुरते सवणे, आणि भिंती अशा रुंद की दुपारी बाहेरून लागलेले ऊन आतल्या अंगाशी पोहोचेपर्यंत रात्र व्हावी, आणि तोवर मंडळी माळवदावर अंथरुणे घालून मोकळी व्हावीत.

त्यामुळे सोलापुराने पाहावयाचे उदाहरण कोरेआंचेच, परंतु आमच्यासारख्याच कोरड्या उन्हाच्या अहमदाबादचे. १९६० च्या दशकात त्यांनी तेथे पारेख कुटुंबासाठी बांधलेल्या घरात दोन परस्परविरुद्ध घनाकृती शेजारी बसविल्या आहेत. उन्हाळ्यासाठीचा भाग तळाशी रुंद आणि वर निमुळता: तापलेली हवा माथ्यातून निघून जाते आणि आकाशाकडचे तोंड लहान असल्याने ऊन बेताने शिरते. हिवाळ्यासाठीचा व सायंकाळचा भाग त्याच्या उलट, वर पसरत जाऊन आकाशास खुला होणारा. एकाचा माथा जेथे आत सरतो, तेथेच दुसऱ्याचा रुंद माथा येऊन बसतो. हिवाळ्याचा भाग पूर्वेस, उन्हाळ्याचा मध्यभागी सुरक्षित, आणि पश्चिमेच्या पट्ट्यात स्वयंपाकघर, न्हाणीघरे व येण्याजाण्याची वाट, म्हणजे दुपारचे ऊन प्रथम तेथेच अडते. हे घर एका सुखवस्तू कुटुंबाचे होते, ही गोष्ट खरी. परंतु पश्चिमेला जिना आणि न्हाणीघर ठेवावयास दोन खणांच्या घरालाही जादा छदाम पडत नाही.