पायाला सूज आली, तेल चोळू नका!

आज आपण बोलणार आहोत शिरूर-दौंडकडच्या घरांत घडणाऱ्या एका गोष्टीबद्दल. आजी ओसरीवर घसरतात, खुब्याचं हाड मोडतं. पुण्याला ऑपरेशन होतं, सत्तरेक किलोमीटर गाडीनं घरी आणतात आणि सगळे म्हणतात, "सुटलो एकदाचे!" पण खरं जपायचं असतं ते इथून पुढं.

आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. माणूस खाटेवर पडून राहिला की रक्ताची गती मंदावते. पाटाचं पाणी थांबलं की गाळ बसतो ना, तसंच काहीसं. त्यात वय आणि ऑपरेशन यांमुळे रक्त लवकर गोठतं. फुफ्फुसात अडकणारी गुठळी बहुधा पायातून वाहत येते, हे जर्मन डॉक्टर विर्चो यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं.

म्हणून एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर मायेनं का होईना, तेल चोळू नका. चोळल्यानं गुठळी सुटू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पायाच्या डॉपलर सोनोग्राफीत निदान होतं. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर थेट १०८ ला फोन करा.

टाळायचं कसं? डॉक्टर म्हणतील तेव्हापासून चालवा. पडल्या पडल्या पावलं वर-खाली करायला लावा. गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषध, बऱ्याचदा महिनाभराचं असतं, ते पूर्ण करा.

या औषधांतल्या वॉरफरिनची गोष्ट आपल्या दूधवाल्या भागाला पटेल. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरू लागली. त्या चाऱ्यातल्या द्रव्यावरून पुढं वॉरफरिन तयार झालं. आधी ते उंदरांचं विष म्हणून वापरलं, १९५४ पासून माणसांचं औषध म्हणून. म्हणजे सगळा खेळ मात्रेचा!

म्हणून वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर तपासणी चुकवू नका. मेथी-पालक बंद करू नका, फक्त रोजचं प्रमाण सारखं ठेवा. रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी चालू असताना दुखण्याची गोळी मनानं घेऊ नका. डोक्याला मार लागला किंवा शौचाला काळी झाली, तर लगेच दवाखाना गाठा. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

आमचं सांगणं एवढंच: आज घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या दोन्ही पोटऱ्या एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.