पावसाचा हिशेब

‘शाश्वत विकास’ म्हटलं की आपल्याला मोठमोठ्या परिषदा आणि जाडजूड अहवाल आठवतात. पण त्याचं साधं गणित बघायचं असेल तर नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघावं.

कमी पावसाचं हे गाव. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि चर, बंधारे, वृक्षलागवड, चराईबंदी ही कामं सुरू झाली. पण पाणी अडवलं म्हणजे काम संपलं का? नाही! अडवलेलं पाणी वाटेल तसं उपसलं तर पुन्हा टँकर ठरलेलाच. म्हणून गावानं पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली.

एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, एका हेक्टरवर १०,००० लिटर. गावाचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, म्हणजे १ मिलिमीटर पावसात जवळजवळ एक कोटी लिटर! अर्थात यातलं बरंचसं वाफ होऊन किंवा वाहून जातं, उरलेलंच मुरतं. त्यातून आधी माणसं-जनावरं, मग पिकं. पाऊस कमी झाला तर ग्रामसभेत कमी पाण्याची पिकं ठरतात. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. कारण खाली बसाल्ट खडक. त्याच्या भेगांत मुरतं तेवढंच पाणी आपलं. खोल बोअर मारणारा शेजाऱ्याची विहीर आटवतो.

हा नियम टिकला, कारण त्यामागचा आकडा गावातल्या प्रत्येकाला कळतो. वैज्ञानिक साक्षरता म्हणतात ती हीच. तिला डिग्री लागत नाही.

आता आपलं होस्टेल घ्या. समजा गच्ची ५०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर. एक थेंबही वाया न घालवता मिळतील ३ लाख लिटर. वाटलं ना भरपूर? पण २०० मुलं, माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे दिवसाला २७,००० लिटर. अख्ख्या वर्षाचा पाऊस अकरा दिवसांत खलास!

उलट प्रत्येकानं रोज फक्त एक बादली, म्हणजे २० लिटर, वाचवली तर ३०० दिवसांत १२ लाख लिटर वाचतात. गच्चीच्या चौपट! नुसता ‘पाणी वाचवा’ बोर्ड लावून हे समजत नाही, हिशेब करावा लागतो.

तेव्हा दोस्तहो, कॅल्क्युलेटर फक्त सबमिशनपुरता काढू नका. आपल्या होस्टेलची गच्ची मोजा, मीटरचे आकडे लिहा आणि ताळेबंद नोटीस बोर्डावर लावा. बघू या, किती बादल्या उरतात!