तूस, करवंटी आणि केळीची साल

भाताच्या गिरणीमागे तुसांचा ढीग पडलेला असतो. शंभर किलो भात भरडलं की वीसेक किलो तूस निघतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि खड्ड्यात टाकलं तर ते लवकर कुजत नाही. तुसात सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य, ठासून भरलेलं असतं. म्हणून बहुतेक ठिकाणी ते भट्टीत जळतं. मागे जी राख उरते ती जवळजवळ सगळी सिलिकाच असते, आणि तिच्यात असंख्य बारीक छिद्रं असतात. टूथपेस्ट येण्याआधी हीच राख राखुंडी म्हणून दातांना लागत होती.

पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी ही राख पाण्यासाठी वापरून पाहिली. राख, सिमेंट आणि खडे यांच्या थरातून पाणी गाळणारा ‘सुजल’ हा साधा फिल्टर त्यातून तयार झाला. पुढे राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवण्यात आले आणि डिसेंबर 2009 मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आला. वीज नको, नळाचा दाब नको. वरच्या भांड्यात पाणी ओतायचं आणि खालच्या तोटीतून घ्यायचं. राख जंतूंना अडवते, चांदी त्यांना मारते. सुरुवातीची किंमत 749 आणि 999 रुपये होती आणि राख भरलेल्या एका काडतुसातून सुमारे 3000 लिटर पाणी निघे. गिरणीमागच्या कचऱ्याला असा घरात मान मिळाला.

पण जंतू वेगळे आणि पाण्यात विरघळलेलं शिसं वेगळं. शिसं गाळून निघत नाही. त्याला धरून ठेवावं लागतं. इथे केळीची साल कामाला येते. सालीतल्या पेक्टिन, सेल्युलोज आणि लिग्निनमध्ये ऑक्सिजन असलेले असे रासायनिक गट असतात, की पाण्यात त्यांच्यावर ऋण भार येतो. शिसं, तांबं यांच्या आयनांवर धन भार असतो, त्यामुळे ते सालीच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पोटात घेतो तसं हे नव्हे. इथे सगळा व्यवहार पृष्ठभागावर चालतो. 2011 मध्ये ब्राझीलच्या बोटुकाटू इथल्या गुस्ताव्हो कास्त्रो आणि सहकाऱ्यांनी वाळवून बारीक केलेल्या सालीने पाराना नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं काढून दाखवलं. तीच साल अकरा वेळा वापरता आली. साल सुकवायची आणि दळायची, एवढीच तयारी. रासायनिक प्रक्रिया नाही. केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या वाचकाला हे वाचून आपल्या भागातली वेफर्सची भट्टी आणि तिच्या दारातला सालींचा ढीग आठवेल.

काही कचरा तर आधीच आपल्या ओट्यापाशी पोचला आहे. घरच्या वॉटर प्युरिफायरचं कार्बनचं काडतूस कापून पाहिलं तर आत काळे, टणक, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे दाणे दिसतात. ते बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीचे असतात. करवंटीचा आधी कोळसा करतात आणि मग सुमारे 900 अंश सेल्सियसला त्यावर वाफ सोडतात. वाफ कोळशाला आतून कोरत जाते. अशा एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. म्हणजे चिमूटभर दाण्यांत दहा गुंठे जमीन! क्लोरीनचा वास आणि कीटकनाशकांसारखी सेंद्रिय द्रव्यं तिथेच अडकतात. नवं काडतूस बसवल्यावर पहिलं पाणी काळसर येतं ते याच दाण्यांच्या भुकटीमुळे. पहिल्या महायुद्धात विषारी वायूविरुद्धच्या मुखवट्यांसाठी असाच कोळसा लागे, आणि अमेरिकेत त्यासाठी लोकांकडून पीच फळाच्या आठळ्या गोळा केल्या गेल्या.

पाणी निवळायला आपल्याकडे वापरली जाणारी निवळीची बी याहून जुनी. सुश्रुतसंहितेत ती ‘कतक’ नावाने येते. मडक्याला आतून घासलेली ही बी गाळाचे कण एकत्र आणून तळाशी बसवते. शेवग्याच्या बियांतलं प्रथिनही हेच करतं. पण पाणी स्वच्छ दिसलं म्हणून त्यातले सगळे जंतू गेले असं नाही. ते उकळायलाच हवं.

आता खरी अडचण. सालीने शिसं धरलं, पुढे त्या सालीचं काय करायचं? सौम्य आम्लाने धुतली की धातू सुटतो आणि साल पुन्हा वापरता येते, पण ते धुणं शिशाने भरलेलं असतं. साल खतात टाकली तर शिसं मातीत जातं, जाळली तर राखेत उरतं. शिवाय प्रयोगशाळेतल्या पाण्यात बहुधा एकच धातू घातलेला असतो. रंगकाम करणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात रंग, क्षार, साबण असं सगळं एकत्र येतं आणि सालीवरच्या जागेसाठी त्यांची झटापट होते. पाणी आम्लधर्मी असेल तर धातू सालीला नीट चिकटतही नाही. ओली, कच्ची साल स्वतःचाच रंग पाण्यात सोडते. म्हणून नवा निष्कर्ष वाचताना दोन प्रश्न विचारावेत: पाणी खऱ्या नाल्यातलं होतं का, आणि वापरलेली साल शेवटी कुठे गेली?

तोपर्यंत केळीची साल हंड्यात टाकून ते पाणी कुणी पिऊ नये. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात शिसं, आर्सेनिक असल्याची शंका असेल तर आधी ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावं.