पांढऱ्या रक्ताचे मासे

दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्राचे पाणी शून्याखाली १.९ अंशांपर्यंत उतरते. खारट म्हणूनच ते गोठत नाही. उष्ण समुद्रातला मासा तेथे गोठूनच जाईल. तेथल्या माशांच्या रक्तात मात्र एक साखरयुक्त प्रथिन असते. ते बर्फाच्या सूक्ष्म कणांना चिकटून त्यांची वाढ रोखते.

त्यांतल्या एका कुळाची तऱ्हा तर औरच. रक्तात तांबडा रंगच नाही! १९५४ साली नॉर्वेच्या योहान रूड यांनी हे सप्रमाण मांडले. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो. मोठे हृदय आणि पुष्कळ रक्त यांवर त्यांचे भागते. (हृदयाला कष्ट फार, हे खरेच.) परंतु पाणी तापले की प्राणवायू घटतो, देहाची गरज मात्र वाढते, आणि गमावलेले हिमोग्लोबिन काही परत मिळत नाही.